हातउसने पैसे अडकलेत? आधी कॅलेंडर काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुन्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला तुम्ही दोन वेळा मिळून 2,40,000 रुपये हातउसने दिले. पहिले 1,50,000 बँकेतून पाठवले, तीन-चार महिन्यांनी 90,000 रोख दिले. लिखापढी नाही. व्याज ठरलं नव्हतं, 'जमेल तसे देतो' एवढंच बोलणं झालं. त्या वेळी त्याने सही केलेला एक कोरा चेक तुमच्या हातात ठेवला. मधे एकदा 20,000 यूपीआयने परत आले. आता पहिल्या व्यवहाराला पावणेतीन वर्षं होत आली, तो फोन उचलत नाही आणि मेसेजला 'बघतो', 'पुढच्या महिन्यात' अशी उत्तरं देतो. पोलिसांत जाऊ की वकिलाची नोटीस पाठवू, असं तुम्ही विचारलंय.

आज दोन्हीपैकी काहीच करू नका. आज कॅलेंडर काढा.

मी 23 वर्षं दिवाणी कामं करतोय. उसनवारीच्या ज्या फाइली माझ्या टेबलावर येऊन बुडाल्या, त्यांत समोरचा लबाड निघाला म्हणून बुडालेल्या थोड्या. तारीख उलटून गेली म्हणून बुडालेल्या जास्त. मुदत कायदा 1963 नुसार उसने दिलेले पैसे परत मिळवण्याचा दावा, पैसे दिले त्या दिवसापासून तीन वर्षांत दाखल व्हावा लागतो. 'मी मागेन तेव्हा दे' असं बोलणं झालं असेल तर मागितल्यापासून तीन वर्षं मिळतात, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. मागताक्षणी परत करायच्या कर्जाचीही मुदत पैसे दिल्या दिवसापासूनच सुरू होते. परतीची नेमकी तारीख ठरली होती आणि ती सिद्ध करता आली, तरच त्या तारखेपासून मोजता येतं. 'जमेल तसे देतो' याला तारीख म्हणत नाहीत.

तुमच्या बाबतीत तर दोन वेगळे व्यवहार आहेत, म्हणून मुदतीही दोन. 1,50,000 ची मुदत आधी संपणार, 90,000 ची नंतर. 'एकूण 2,40,000' असा एकच आकडा डोक्यात धरून बसलात तर मोठी रक्कम आधी हातची जाईल. समजा बँकेतले पैसे 5 मार्च 2024 ला गेले. तो दिवस सोडून मोजायचं, म्हणजे दावा 5 मार्च 2027 पर्यंत आत गेला पाहिजे. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी, एवढीच सवलत. अपिलाला उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, दाव्याला ती सोय नाही. प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायाधीशांना तो स्वतःहून बघावा लागतो, आणि मुदतबाह्य दावा फेटाळण्यावाचून त्यांच्याही हातात काही उरत नाही.

आणि वकिलाच्या नोटिशीने मुदत वाढत नाही. एका दिवसानेही नाही. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांनी स्वतःच हुशारीने मुदतीच्या महिनाभर आधी नोटीस धाडली. समोरून गोड उत्तर आलं, की पंधरा दिवस द्या, हिशेब बघून कळवतो. गुरुजींनी पंधरा दिवस दिले, मग आणखी आठ दिले. ते माझ्याकडे आले तेव्हा मुदत संपून नऊ दिवस झाले होते. त्या उत्तराची भाषाही इतकी मोजूनमापून होती, की तिच्यात कबुली शोधूनही सापडली नाही. फाइल मी उघडलीच नाही.

म्हणून तुमचं पहिलं काम पैसे मागणं हे नाही. त्याच्याकडून देण्याची लेखी कबुली घेणं, हे पहिलं काम. मुदत संपायच्या आत कर्जदाराने देणं आहे असं लिहून त्यावर सही केली, तर सहीच्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात. मुदत कायद्याचं कलम 18 ते हेच. ही कबुली सविस्तर असायला लागत नाही. रकमेचा नेमका आकडा नसला तरी चालतो. 'देणं आहे, पण आत्ता देत नाही' असं फणकाऱ्याने लिहिलेलंसुद्धा कबुलीच असतं. गंमत म्हणजे काही वेळा समोरच्याच्या वकिलाने नोटिशीला दिलेल्या उत्तरात अशी ओळ सापडते, आणि आम्ही ती लाल पेनाने अधोरेखित करून ठेवतो.

अंशतः परतफेड झाली तरी नवी मुदत मिळते, पण तिथे अट आहे. ती परतफेड फेडणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीच्या कागदावर नोंदलेली हवी. चेकने आलेल्या पैशांना ही अट सहज लागू पडते. तुमचे 20,000 यूपीआयने आलेत. त्यावर युक्तिवाद करता येईल आणि मी तो जरूर करीन, पण मुदतीसारखा गळ्याशी आलेला मुद्दा युक्तिवादावर टांगून ठेवू नये.

मग आज करायचं काय? त्याला मेसेज करा. फोन नको. फोनवर तो सगळं कबूल करील आणि तुमच्या हाती काही राहणार नाही. मेसेज साधारण असा:

'तुला मी 5 मार्चला बँकेतून दीड लाख पाठवले होते आणि नंतर जूनमध्ये 90 हजार रोख दिले होते. त्यातले 20 हजार तू परत केलेस. 2,20,000 राहिले. एकदम जमणार नाही हे मला समजतं. दर महिन्याला किती जमतील ते सांग, म्हणजे मला माझं गणित बसवता येईल.'

तारखा अर्थातच तुमच्या खऱ्या घाला. यात मागणी आहे, पण ती हप्त्याच्या प्रश्नात गुंडाळलेली. माणूस अडचणीत असला की 'पैसे कधी देणार' या प्रश्नाला तोंड चुकवतो. 'महिन्याला किती' या प्रश्नाला मात्र उत्तर देऊन मोकळा होतो. 'पुढच्या महिन्यापासून दहा देतो' एवढं त्याने लिहिलं, की बँकेतले, रोख दिलेले, परत आलेले आणि उरलेले असे चारही आकडे त्याने मान्य केल्यासारखे होतात. रोख दिलेल्या 90,000 साठी तुमच्याकडे आत्ता दुसरा पुरावाच नाही, म्हणून ही ओळ सोन्याची. मेसेजमध्ये धमकी, टोमणा, शिवी काही नको. पुढेमागे तो न्यायाधीशांसमोर वाचला जाणार आहे असं धरून लिहा.

त्याचं उत्तर आलं की नुसता स्क्रीनशॉट काढून फोन विकायला काढू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, एक भाग तुमचा आणि एक तज्ज्ञाचा. मूळ संभाषण मूळ फोनवर असेल तर ते काम सरळ होतं. चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल करा, फोन जपून ठेवा, आणि 'डिसअपिअरिंग मेसेजेस' चालू असेल तर आधी बंद करा. हे शेवटचं लोक विसरतात.

आता एक बारकावा. व्हॉट्सअॅपवरची कबुली पैसे दिल्याचा पुरावा म्हणून उत्तम. पण कलम 18 ला 'सही असलेलं लेखी' हवं असतं, आणि मेसेजला सही म्हणायचं का, यावर समोरचा वकील वाद घालणारच. तेव्हा मेसेजवर थांबू नका. त्याने हप्ता कबूल केला की लगेच म्हणा, 'भेटू, दोन ओळी लिहून घेऊ, दोघांनाही बरं.' साध्या कागदावर त्याच्या हस्ताक्षरात घ्या: मी अमुक, तमुक यांच्याकडून या तारखेला इतके आणि त्या तारखेला इतके रुपये हातउसने घेतले, पैकी 20,000 अमुक तारखेला परत केले, आज रोजी 2,20,000 देणं आहे, ते दरमहा इतके याप्रमाणे फेडीन. खाली तारीख, सही, ओळखपत्राची प्रत. दोघांच्या परिचयाचा एखादा साक्षीदार असला तर उत्तम. हप्त्याचं वेळापत्रक लिहिताना 'एक हप्ता चुकल्यास सर्व उरलेली रक्कम एकदम देय होईल' ही ओळ घाला. नाहीतर प्रत्येक हप्ता थकेपर्यंत वाट बघावी लागते.

या कागदाची 'प्रॉमिसरी नोट', म्हणजे अमुक रक्कम देईन असं वचन देणारा सहीचा दस्त, करायचा मोह होईल. करा, पण रेव्हेन्यू तिकीट आधी लावा आणि त्याची सही तिकिटावरून आडवी जाऊ द्या. इतर बहुतेक दस्तांना मुद्रांक कमी पडला तर दंड भरून ते पुराव्यात घेता येतात. प्रॉमिसरी नोटला ती मुभा नाही. योग्य मुद्रांक नसलेली प्रॉमिसरी नोट दंड भरूनही पुराव्यात येत नाही. एका रुपयाच्या तिकिटापायी लाखाचा कागद रद्दीत गेलेला मी पाहिलाय, आणि तो कागद पाचशेच्या फाइलीत लॅमिनेशन करून ठेवला होता.

समजा तो सही देतच नाही आणि मुदत जवळ आली. मग गोडीगुलाबी बंद आणि दावा दाखल. मुदत संपून गेल्यावर मात्र एकच दार किलकिलं राहतं, भारतीय करार कायदा 1872 चं कलम 25(3). मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी, सहीचं वचन बंधनकारक असतं. पण तिथे नुसती 'देणं होतं' ही कबुली पुरत नाही, 'देईन' हे वचनच लागतं. आणि मुदत संपलीय हे कळल्यावर असं वचन देणारा कर्जदार विरळा.

रोख 90,000 बद्दल थोडं जास्त बोलतो, कारण कोर्टात खरी धुलाई इथे होते. वादी पिंजऱ्यात उभा राहतो आणि उलटतपास सुरू होतो. पैसे कुठे दिले? घरी. कोण होतं? मी आणि तो. नोटा कितीच्या? पाचशेच्या. म्हणजे 180 नोटा, मोजल्या कुणी? त्या दिवशी बँकेतून काढले होते का? नाही, घरात होते. घरात 90,000 ठेवायची तुमची सवय आहे का? तुमचा पगार तेव्हा किती होता? रिटर्नमध्ये हे येणं दाखवलंत का? प्रत्येक प्रश्न साधा असतो, पण सहाव्या-सातव्या प्रश्नाला खरं बोलणारा माणूसही खोटारडा वाटायला लागतो. त्यावर उपाय आत्ताच करता येतो. 90,000 दिले त्याच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत तुमच्या खात्यातून किंवा एटीएममधून रक्कम निघाली आहे का, स्टेटमेंटमध्ये बघा. कुणाला त्या दिवशी 'पैसे दिले रे त्याला' असा मेसेज केला होता का, तेही शोधा.

रोखीचा दुसरा काच प्राप्तिकराचा. 20,000 किंवा जास्त रकमेचं कर्ज रोखीत घ्यायला प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा असू शकतो. हा दंड घेणाऱ्याला आहे, देणाऱ्याला नाही. परतफेड रोख केली तर तोच नियम फेडणाऱ्याला, म्हणून यापुढचे हप्ते खात्यातच घ्या. 'रोखीत दिलेलं कर्ज बेकायदा, म्हणून वसूल होत नाही' हा बचाव काही वर्षं जोरात चालला होता. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेक बाउन्सच्याच एका प्रकरणात तो मोडून काढला. नियम मोडल्याचा दंड होईल, पण त्यामुळे कर्ज अवैध ठरत नाही. मात्र एप्रिल 2025 च्या दुसऱ्या एका निकालात त्याच न्यायालयाने सांगितलंय, की दाव्यात 2,00,000 किंवा जास्त रोख दिल्याचं म्हटलं असेल तर दिवाणी कोर्टाने ते प्राप्तिकर विभागाला कळवावं. तुमची रोख रक्कम त्या रेषेच्या खाली आहे, तुम्हाला त्याची भीती नाही. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणी पाच लाख रोख दिले असतील, तर त्यांनी वकिलाआधी सीएकडे एक चक्कर मारावी.

आता तो कोरा चेक. हे तुमच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार आहे, आणि चुकीच्या हातात आपलंच बोट कापणारंही. सही केलेला कोरा चेक तुम्ही भरलात म्हणून तो बाद होत नाही. सही मान्य असली की तो चेक देण्यापोटीच दिला होता असं कायदा गृहीत धरतो, आणि तसं नव्हतं हे दाखवण्याची जबाबदारी त्याच्यावर जाते. पण रक्कम 2,20,000 लिहा. 2,40,000 लिहिलीत तर 20,000 परत आल्याचं त्याचं यूपीआय स्टेटमेंट तुमचा खटला पाडू शकतं, कारण चेक वटवायला टाकला त्या दिवशी तेवढं देणं शिल्लकच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये नेमकं हेच म्हटलंय. व्याजबीज तुमच्या मनाने चेकमध्ये मिळवू नका. आणि हे सगळं कर्ज मुदतीत असतानाच करा. मुदतबाह्य देण्यापोटीचा चेक हा स्वतंत्र डोकेदुखीचा विषय आहे.

चेकवर तारीख घातली की त्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत जायला हवा. परत आला की बँकेचा मेमो मिळतो. मेमो कळल्यापासून 30 दिवसांत लेखी मागणीची नोटीस गेली पाहिजे. नोटीस त्याला मिळाल्यापासून 15 दिवस त्याला पैसे द्यायला. ते 15 दिवस कोरडे गेले की पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार. परक्राम्य संलेख अधिनियम 1881 चं कलम 138 म्हणतात ते हेच. नोटिशीत चेकची रक्कम जशीच्या तशी मागा, रुपयाचाही फरक नको. व्याज, नोटीस खर्च मागायचा असेल तर वेगळ्या ओळीत, वेगळा दाखवून. तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात होते, म्हणजे त्याच्या गावाला खेटे घालायला नकोत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खटला चालू असतानाही कोर्ट चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं. माझा अनुभव असा, की समन्स घरी पोचलं आणि जामिनासाठी कोर्टात उभं राहायची वेळ आली, की 'बघतो' म्हणणारे पुष्कळ लोक हप्ते बांधून घ्यायला तयार होतात.

पण एक लक्षात असू द्या. 138 ची केस चालू आहे म्हणून दिवाणी दाव्याची मुदत थांबत नाही. अनेक जण चार वर्षं 138 लढतात, तांत्रिक मुद्द्यावर हरतात आणि मग दिवाणी दाव्याची आठवण होते.

पोलिसांचं थोडक्यात. ठाण्यात तुम्हाला 'हा दिवाणी वाद आहे' असं सांगतील, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक सिद्ध करायला, पैसे घेतानाच त्याचा बुडवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. खोटी कागदपत्रं दाखवली, आजारपणाचं नाटक केलं, एकाच कारणासाठी दहा जणांकडून घेतले, असं काही असेल तर गोष्ट वेगळी. ज्याने पुढे 20,000 परत केले, त्याचा इरादा पहिल्यापासून वाईट होता असं म्हणणं अवघड. तक्रार अर्ज दिल्यावर ठाण्यातून एक फोन जाईल, तो आठवडाभर घाबरेल आणि नंतर वकील गाठून सावध होईल. तुमच्या त्या हप्त्याच्या मेसेजला मग उत्तर येणार नाही. म्हणून आज पोलीस नको म्हटलं.

त्याच्या बायकोला फोन करणं, ऑफिसात जाऊन आवाज चढवणं, स्टेटसला फोटो टाकणं, 'वसुलीवाली मुलं' पाठवणं, यातलं काहीही केलंत तर तुमची केस वसुलीची राहत नाही, त्याच्या तक्रारीची होते. महाराष्ट्रात आणखी एक उलटा डाव ठरलेला आहे. सहकार खात्याच्या निबंधकाकडे अवैध सावकारीची तक्रार. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 नुसार परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणं गुन्हा आहे, आणि विनापरवाना सावकाराला कोर्ट हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा आदेश, देत नाही. ओळखीपोटी एखाद्याला बिनव्याजी पैसे देणं हा धंदा नव्हे, त्यामुळे तुम्ही सुरक्षित आहात. पण चिडून 'आता महिन्याला तीन टक्क्याने घेईन' असा मेसेज पाठवलात, तर तुम्हीच त्याच्या हातात कागद दिला. तुम्ही आणखी चार-पाच जणांना व्याजाने पैसे देत असाल, तर मात्र हे उत्तर तुमच्यासाठी नाही. आधी वकिलासमोर खरं काय ते सांगा.

नोटीस द्यायची वेळ मेसेज आणि सहीचा प्रयत्न करून झाल्यावर येते. त्याला किती दिवस द्यायचे? मुदत जवळ असेल तर तीन आठवड्यांच्या वर नको. नोटिशीत व्याजाची मागणी स्पष्ट करा. व्याज ठरलेलं नसलं तरी अशा लेखी मागणीच्या तारखेपासून व्याज मागण्याचा आधार व्याज कायदा 1978 देतो. नोटीस पोस्टाने, पोचीसह पाठवा. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे काउंटरवर नोंदणी आणि पोच दोन्ही स्पष्ट मागून घ्या. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नका. बरोबर पत्त्यावरची नाकारलेली नोटीस बजावली गेली असंच धरतात, आणि बंद पाकीट कोर्टात उघडलेलं फार बोलकं दिसतं.

दाव्याआधी एक दार जरूर ठोठवा. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व अर्ज करता येतो. त्यांची नोटीस जाते, लोक अदालतीत दोघं बसता, तडजोड झाली तर तिचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच अंमलात येतो आणि त्यावर अपील नाही. कोर्ट फीही लागत नाही. अडचणीत सापडलेल्या पण मनाने वाईट नसलेल्या कर्जदारासाठी हा रस्ता फार चांगला, आणि वकिलांमध्ये तो फार लोकप्रिय नाही, हेही सांगून टाकतो. फक्त अर्ज पडून आहे म्हणून मुदत उलटू देऊ नका. अर्जदार स्त्री असेल तर उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागण्याचा हक्क आहे.

दावा करायचाच झाला तर दोन प्रकार. सहीचा करार, प्रॉमिसरी नोट किंवा परत आलेला चेक हातात असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 37 खाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत हजर व्हावं लागतं, आणि बचाव करायलासुद्धा कोर्टाची परवानगी मागावी लागते. उगाच कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) देऊन वर्ष काढायची सोय तिथे कमी. कागद काही नसेल तर साधा वसुली दावा. तो होतो, पण किती वर्षं चालेल हे कुणी छातीठोक सांगत असेल तर त्या वकिलाला दुसऱ्यांदा भेटू नका.

दावा लावण्याआधी मी प्रत्येक अशिलाला एकच प्रश्न विचारतो आणि तो कुणाला आवडत नाही. त्याच्याकडे आहे काय? हुकूमनामा म्हणजे पैसे नव्हेत. हुकूमनाम्यानंतर दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते, त्यासाठी 12 वर्षं मिळतात, आणि जप्तीला काहीतरी सापडावं लागतं. बँक खातं, गाडी, फ्लॅट, पगार यावर जप्ती येते. प्रॉव्हिडंट फंडाला हात लागत नाही. पगारातले पहिले 1,000 आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकी जप्त होतं, तेही एका हुकूमनाम्यापोटी जास्तीत जास्त 24 महिने. जप्तीला पात्र पगार 40,000 धरला तर महिन्याला 13,000, म्हणजे 2,20,000 मुद्दल साधारण 17 महिन्यांत वसूल. तो कायम नोकरीत असेल तर तुमचा दावा लढवण्यासारखा आहे. नोकरी सुटली, घर भाड्याचं, गाडी बँकेच्या कर्जावर, अशी अवस्था असेल तर दरमहा पाच हजारांची तडजोड ही कोर्टाच्या विजयापेक्षा भारी, असं मी अशिलाला तोंडावर सांगतो. काही जण रागावून दुसऱ्या वकिलाकडे जातात.

त्याला काही झालं तर, असंही लोक विचारतात. वारसांकडून वसुली होते, पण त्यांना त्याच्याकडून जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच. 'बापाचं कर्ज मुलाने फेडावं' हे कायद्यात नाही.

मी स्वतः वकिलीच्या तिसऱ्या वर्षी एका वर्गमित्राला 35,000 दिले होते, कागद न करता. दुसऱ्यांना मुदत कायदा शिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या मित्राकडे सही मागायची लाज वाटली. ते पैसे गेले. त्यानंतर सही मागताना मला लाज वाटत नाही, आणि तुम्हालाही ती पावणेतीन वर्षं उशिरा का होईना, सोडावी लागेल.

वकिलाकडे जाल तेव्हा बँकेचं स्टेटमेंट, 20,000 आल्याची यूपीआय नोंद, मूळ फोन आणि तो चेक सोबत न्या. चेकवर काहीही न लिहिता न्या. आणि 90,000 नेमके कुठल्या दिवशी दिले ते आज रात्री स्टेटमेंट घेऊन शोधून काढा. 'जूनच्या आसपास' असं दाव्यात लिहिता येत नाही.